स्कॉटलंडमध्ये ओल्ड कोर्स मिळाला नाही, तर समुद्राकाठी कुठे खेळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैमध्ये पुण्याहून तुम्ही दोघं स्कॉटलंडला येताय, गोल्फमधला हँडिकॅप वीसच्या आसपास आहे (म्हणजे खेळ हौशी, मधल्या दर्जाचा), सेंट अँड्र्यूजच्या गाजलेल्या ओल्ड कोर्सच्या बॅलटवर, म्हणजे खेळायची वेळ देणाऱ्या सोडतीवर, भरवसा ठेवायचा नाही, आणि एक तरी जुन्या वळणाचा लिंक्स, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवरचा गोल्फ कोर्स, खेळायचाय. तो फार गाजलेला आणि फार महागडा नको.

ब्रोराला जा. मी एडिंबरात राहते, इथल्या बऱ्याच लिंक्सवर खेळले आहे, आणि हे नाव मला विचार न करता सुचतं. ओल्ड कोर्ससाठी हंगामात माणशी तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात, शिवाय बॅलटचा निकाल दोन दिवस आधी कळतो, म्हणजे सगळी सहलच टांगणीला. ब्रोराला त्याहून बरेच कमी पैसे लागतात आणि वेळ आधीच ठरवून मिळते. पण स्वस्त म्हणून जा असं मी म्हणत नाहीये. गोल्फ जमिनीवरून कसा खेळतात हे तिथे जसं कळतं तसं नावाजलेल्या कोर्सवरही नेहमी कळत नाही, म्हणून जा.

ब्रोरा हे इन्व्हर्नेसच्या उत्तरेला, सदरलँडच्या पूर्व किनाऱ्यावरचं छोटं गाव. एकेकाळी इथे कोळशाची खाण होती, ती १९७४ मध्ये बंद झाली. गावाला लागून क्लायनलिश ही व्हिस्कीची जुनी डिस्टिलरी आहे. रॉयल डॉर्नॉख इथून दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासावर. जगभरचे गोल्फवाले तिथपर्यंत येतात आणि बहुतेक जण तिथूनच मागे फिरतात. ब्रोराच्या वाट्याला दुर्लक्ष आलं ते एवढ्यानेच, कोर्समध्ये खोट आहे म्हणून नव्हे.

क्लब १८९१ चा. आजचा कोर्स मात्र जेम्स ब्रेडचा. पाच वेळा ओपन, म्हणजे ब्रिटिश ओपन ही गोल्फस्पर्धा, जिंकलेला हा माणूस १९२३ मध्ये इथे आला, आणि त्याने आखलेले होल जवळजवळ तसेच आजही आहेत. त्याच्यानंतर पाच ओपन जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन या कोर्सचा मोठा चाहता होता. थॉमसन आयुष्यभर बॉल खालून, जमिनीलगत खेळवण्याचा पुरस्कार करत राहिला, त्यामुळे त्याला ब्रोरा का आवडावं हे तिथे दोन-तीन होल खेळले की कळतं.

आखणी अगदी साधी आहे. क्लबहाउसपासून समुद्र उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे जायचं, नवव्या होलला टोक गाठायचं आणि रेल्वेच्या रुळांच्या बाजूने परत यायचं. जाताना वारा पाठीशी असेल तर येताना तोंडावर, हे धरूनच चाला. चार पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत पुरे करायचे होल, आहेत आणि चारही वेगवेगळ्या दिशांना तोंड करून, त्यामुळे वारा कुठूनही येवो, एकाच दिवसात चारही बाजूंनी तो तुमची परीक्षा घेतो. मला त्यातला तेरावा सगळ्यात आवडतो. सव्वाशे यार्डांच्या आसपासच आहे, पण ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या जागेच्या, वाटेवर एक ओढा असा वळणं घेत जातो की त्या होलचं नावच ‘स्नेक’ पडलंय. सतराव्याच्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभं राहिलात की खाडीपलीकडे टार्बट नेसचा दीपस्तंभ दिसतो. त्याच्यावर नेम धरायचा, बस. आणि अठरावा पुन्हा पार-थ्री, मधल्या खोलगटावरून थेट क्लबहाउसच्या खिडक्यांखाली. शेवटचा होल पार-थ्री असलेला कोर्स क्वचितच सापडतो, आणि इथे तो फार शोभतो.

आता जनावरांबद्दल. मी खेळले तेव्हा फेअरवेवर, म्हणजे टी ते ग्रीन या मधल्या पट्ट्यावर, मेंढ्या चरत होत्या, काही गायीही होत्या, आणि त्यांनी ग्रीनवर येऊ नये म्हणून प्रत्येक ग्रीनभोवती विजेच्या बारीक तारेचं बुटकं कुंपण होतं. पाय जरा उचलून तार ओलांडायची, पट करायचा, म्हणजे बॉल हलकेच भोकाकडे घरंगळवायचा, पुन्हा ओलांडून बाहेर. पहिल्या ग्रीनवर विचित्र वाटतं, तिसऱ्यापर्यंत पायांना सवय होते. बॉल शेणात गेला तर दंड न घेता उचलून बाजूला ठेवता येतो, तसा स्थानिक नियमच होता. एका बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, उतारावर वाऱ्याला पाठ करून दोन मेंढ्या रवंथ करत बसल्या होत्या. लिंक्सवरचे पहिले बंकर असेच झाले म्हणतात. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या वाळूच्या टेकाडाला टेकून बसायच्या, तिथलं गवत झिजायचं, वाळू उघडी पडायची, आणि उरलेलं वारा बघून घ्यायचा.

या मेंढ्या देखाव्यासाठी सोडलेल्या नव्हत्या. आपल्याकडे जसं गायरान, तशी ही जमीन गावातल्या क्रॉफ्टर म्हणजे लहान शेतकऱ्यांच्या चराईची. आणि त्यामागे एक जड इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सदरलँडच्या जमीनदारांनी आतल्या खोऱ्यांतली कुटुंबं उठवली, तिथे मोठाले मेंढवाडे बसवले आणि त्या माणसांना किनाऱ्यावर तुटपुंजे तुकडे दिले. दक्षिणेला गोल्स्पीच्या डोंगरमाथ्यावर याच जमीनदारांपैकी एकाचा, सदरलँडच्या पहिल्या ड्यूकचा, उंच पुतळा उभा आहे, तो येताजाता दिसत राहतो. पर्यटनाच्या पुस्तिकांत या पुतळ्याचा फक्त फोटो असतो. किनाऱ्यावरच्या चराईचा हक्क त्या लोकांसाठी किती मोलाचा होता, हे मनात ठेवून त्या गवतावरून चालावं असं मला मनापासून वाटतं.

कोर्सवरच्या जनावरांवरून क्लब आणि हक्कदार यांच्यात वाद होत आलेत. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा मेंढ्या आणि कुंपण कसं असेल ते बुकिंग करतानाच विचारून घ्या.

आता खेळाबद्दल, कारण तिथे तुम्हाला खरा बदल जाणवेल. येरवड्याच्या कोर्सवर काय, चेंबूरच्या काय, आपण बॉल उंच मारतो, तो ग्रीनवर पडतो आणि पडल्या जागी थांबतो. गवत जाड, जमीन पाण्याने मऊ. ब्रोराला खाली वाळू आहे. पाऊस पडला तरी पाणी मुरून जातं, गवत बारीक आणि आखूड, जमीन टणक. उंच आलेला बॉल टप्पा घेऊन ग्रीनच्या मागे निघून जातो. म्हणून ग्रीनच्या वीस-तीस यार्ड अलीकडे टाकायचा आणि पुढचं काम उतारावर सोपवायचं. माझ्याबरोबर गावातले एक निवृत्त गृहस्थ होते. चाळीस यार्डांवर मी बॉल उंच उडवणारी सँड वेज काढली, तेव्हा त्यांनी काही न बोलता स्वतःचा सात नंबरचा क्लब (काठी) हातात घेतला आणि पटसारखा एक टोला दिला. बॉल एका उंचवट्यावर चढला, डावीकडे वळला, खड्ड्यात दिसेनासा झाला, पुन्हा वर आला आणि झेंड्यापासून हातभर अंतरावर थांबला. वीसचा हँडिकॅप असणाऱ्याला हा फटका शिकता येतो, त्याला मनगटाची जादू लागत नाही, आणि याच कारणाने लिंक्स आपल्यासारख्यांना फार उदार वाटतो. ग्रीनच्या बाहेरून, अगदी पंधरा यार्डांवरूनही पटर काढायला लाजू नका. वारा असेल तेव्हा टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटीसुद्धा, खाली रोवा आणि नेहमीपेक्षा दोन पायऱ्या लांब मारणारा क्लब घेऊन हळू मारा.

जूनपासून जुलैपर्यंत आर्क्टिक टर्न हे पक्षी तिथल्या वाळूत घरटी करतात. दरवर्षी अंटार्क्टिकाकडून इथवर येतात आणि पुन्हा जातात. क्लबच्या चिन्हावरही तेच आहेत. घरट्याच्या जवळ गेलात तर सरळ डोक्यावर झेप घेतात, म्हणून टोपी घाला, आणि बॉल त्या बाजूला गेला तर सोडून द्या.

जुलै असला तरी विंडचीटर, वॉटरप्रूफ आणि एक स्वेटर हवाच. बग्गीचा विचार सोडा, चालण्यातच मजा आहे, बॅग हलकी ठेवा. उजेड रात्री दहापर्यंत असतो, तेव्हा जेवणानंतर पुन्हा नऊ होल सहज होतात. संध्याकाळी वारा पडला की कोर्स निराळाच वाटतो, जमलं तर ते चुकवू नका.

राहायचं ब्रोरालाच, दोन रात्री. दुसऱ्या दिवशी गोल्स्पी खेळा. तो कोर्सही ब्रेडने १९२६ मध्ये बदललेला, अर्धा समुद्राकाठी आणि अर्धा झाडीत, आणि तिथे गर्दी त्याहून कमी. डॉर्नॉखसाठी पैसे आणि वेळ असेल तर जरूर जा, फक्त ब्रोरा कापून नको.

गाडी चालवणार असाल तर इन्व्हर्नेसहून ए-९ ने साधारण नव्वद किलोमीटर. नाही तर ‘फार नॉर्थ लाइन’ नावाची रेल्वे आहे. ती लेअर्गकडून वळसा घालून जाते, म्हणून दोन तासांहून जास्त घेते, पण स्टेशनवरून कोर्स चालत जाण्याइतका जवळ आहे. दिवसात गाड्या मोजक्याच असतात आणि रविवारी आणखी कमी, तेव्हा आधी वेळापत्रक बघा आणि मगच टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, घ्या.