तुमचे प्रश्न : बेटकास्टिंग रील आणि खारं पाणी

बेटकास्टिंग रील म्हणजे मासेमारीच्या काठीवर बसणारी, आडव्या स्पूलवर (रिळावर) दोरा गुंडाळणारी चक्री. या वेळच्या पत्रांमध्ये जवळजवळ सगळी रड खाऱ्या पाण्याची आहे. मी रील दुरुस्त करते, विकत नाही. त्यामुळे उत्तरं दुरुस्तीच्या टेबलावरची आहेत, ती तशीच वाचावीत.

प्रश्न : तलावावर वापरलेली लो-प्रोफाइल (बसक्या आकाराची) बेटकास्टर माझ्याकडे आहे. आता समुद्रावर जायचं म्हणतोय. तीच चालेल का? नवीन बघायला गेलो तर प्रत्येक जण बेअरिंगचे आकडे सांगतो. दहा, बारा, काय खरं?

चालेल. किती महिने चालेल ते फ्रेम ठरवते. आधी ती मॅग्नेशियमची आहे का ते बघा. हलकी म्हणून तलावावर ती लाडकी असते, पण खाऱ्या पाण्यात मॅग्नेशियमइतका पटकन खाल्ला जाणारा धातू रीलमध्ये दुसरा नसतो. वरचा थर शाबूत आहे तोवर ठीक. दगडावर एक ओरखडा पडला की तिथून पोखरायला सुरुवात. समुद्रासाठी ॲनोडाइज केलेली (वर संरक्षक थर चढवलेली) ॲल्युमिनियमची फ्रेम घ्या. ग्रॅफाइटची फ्रेम गंजत नाही, मात्र मोठा मासा जोर लावतो तेव्हा वाकते आणि गिअर एकमेकांवर नीट बसत नाहीत.

बेअरिंगच्या आकड्याला भुलू नका. बेअरिंग किती यापेक्षा कसली, ते महत्त्वाचं. साधं स्टेनलेस बेअरिंगही मिठाने गंजतं, कारण बेअरिंगचं पोलाद कडक असावं म्हणून त्यात कार्बन जास्त ठेवलेला असतो. दायवा कंपनी ‘सीआरबीबी’ म्हणते, शिमानो कंपनी ‘ए-आरबी’. दोन्हींचा अर्थ गंजाला टिकणारं बेअरिंग. अशी सहा असलेली रील मी साध्या बारांपेक्षा वर ठेवेन. शिमानोची ट्रँक्स ही रील खाऱ्या पाण्याचा विचार करूनच बनवलेली आहे. आबू कंपनीची गोल आकाराची ॲम्बॅसेडर जुन्या वळणाची आहे, पण तिच्यात दोरा भरपूर मावतो आणि ती उघडायला सोपी.

माझी खरी अट हीच आहे : जी तुम्हाला स्वतः उघडता येईल ती रील घ्या. साइड प्लेट (बाजूचं झाकण) हाताने निघते का, आतल्या भागांचा नकाशा मिळतो का, एखादा सुटा भाग मागवता येतो का, हे घेण्याआधी विचारा. उघडता न येणारी महागडी रील समुद्रावर स्वस्त रीलच्याही आधी मरते.

गिअरच्या गुणोत्तराबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. गुणोत्तर म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात स्पूल किती वेळा फिरतो ते. हिशेब सोपा आहे. भरलेल्या स्पूलचा व्यास 34 मिमी धरला तर 6.3:1 च्या रीलवर हँडलच्या एका फेऱ्यात साधारण 67 सेंमी दोरा येतो, 8.1:1 वर साडेशहाऐंशी. वेगाने ओढायच्या आमिषाला जास्त गुणोत्तर बरं. खोल पाण्यातून जड मासा वर काढायचा तर कमी, कारण हँडल फिरवायला जोर कमी लागतो. एकच रील घेणार असाल तर सहाच्या आसपास थांबा.

प्रश्न : प्रत्येक वेळी घरी आल्यावर रील नळाखाली धुतो. तरी तीन-चार महिन्यांत हँडल फिरवताना करकर सुरू झाली. धुऊनही असं का?

वरून धुता, आतून नाही, म्हणून. कधी कधी तर धुण्यामुळेच बिघडतं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार राहतात. नुसतं मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागतं. म्हणजे कपाटात ‘कोरडी’ ठेवलेली न धुतलेली रील कोरडी नसतेच. तिच्या आत खाऱ्या पाण्याचा पातळ थर रोज तयार होत असतो. त्यात स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या फ्रेमला टेकलेला. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसते ती हीच. मग स्क्रू जाम होतो, पेचकसाने त्याचं डोकं छिलतं, आणि रील माझ्याकडे येते. असे स्क्रू परत बसवताना आट्यांना ग्रीसचं बोट लावलं तर पुढच्या वर्षी ते मुकाट्याने निघतात.

आता धुणं. मासा जोराने ओढतो तेव्हा दोरा थोडा थोडा सुटू देणारा घर्षणाचा ब्रेक म्हणजे ड्रॅग. धुण्याआधी तो पूर्ण आवळा, म्हणजे त्याच्या वॉशरच्या मध्ये पाणी शिरणार नाही. नळाची धार बारीक ठेवा. जोराचा फवारा मीठ बाहेर काढत नाही, आत ढकलतो. बादलीत बुडवून ठेवण्याची सवयही सोडा. पाणी गिअरपर्यंत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. गरम पाण्याचा हट्ट नको. मीठ थंड पाण्यातही जवळपास तेवढंच विरघळतं, उलट गरम पाण्याने ग्रीस सैल होतं. मग झटकून साइड प्लेट काढा, स्पूल बाहेर घ्या. विणलेला दोरा वापरत असाल तर स्पूलवरचा दोरा वेगळा नीट धुवा, कारण धाग्यांच्या मध्ये खारं पाणी धरून राहतं आणि स्पूलची कड तिथूनच खराब होते. धुताना स्पूलच्या दोन्ही टोकांची बेअरिंग कोरडी राहतील असं बघा. सगळं पुसून सावलीत उघडं ठेवा. सकाळी बंद करा, आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेलाच राहिला तर वॉशर दबतात आणि पुढच्या माशाला दोरा झटके देत सुटतो.

तुमच्या करकरीचं म्हणाल तर आधी वर्म शाफ्ट बघा. दोरा डावी-उजवीकडे नेणारा गाडा ज्याच्यावर धावतो तो पिळाचा दांडा. तो उघडाच असतो, वाळू आणि मीठ पहिल्यांदा तिथे बसतं. जुन्या टूथब्रशने घासा, पुसा, पातळ तेलाचे दोन थेंब टाका. आवाज गेला तर उत्तम. नाही गेला तर स्पूलचं बेअरिंग किंवा मुख्य गिअर, आणि मग उघडल्याशिवाय गत्यंतर नाही.

प्रश्न : तेल कुठे, ग्रीस कुठे? आणि डब्ल्यूडी-40 मारलं तर चालतं ना?

जे वेगाने फिरतं तिथे तेल, जे जोर खातं तिथे ग्रीस. स्पूलच्या बेअरिंगला पातळ तेलाचा एक थेंब. गिअरच्या दात्यांना ग्रीसचा हलका हात. हँडलच्या मुठीला तेल. वर्म शाफ्टला तेलच, ग्रीस नाही. ग्रीसला वाळू चिकटली की तो पॉलिश पेपर होतो.

एक जागा मात्र लक्षात ठेवा. हँडल उलटं फिरू न देणारं जे एकदिशा बेअरिंग असतं, त्याला ग्रीस लागलं तर आतले रोलर घसरतात आणि नेमका गळ ओढताना हँडल मागे जातं. ‘रील मागे फिरते’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच रील फक्त तिथलं ग्रीस पुसून परत जातात.

हे यंत्र मुळात घड्याळजींचं आहे. केंटकीचे जॉर्ज स्नायडर घड्याळं करायचे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी गिअरची रील बनवली. ॲम्बॅसेडर बनवणारी स्वीडनची आबू कंपनीही 1921 मध्ये घड्याळाचा कारखाना म्हणूनच सुरू झाली. इतक्या बारीक मापात तेल ओतून चालत नाही. जास्त तेलाने स्पूल जड होतो आणि फेक कमी पडते.

डब्ल्यूडी-40 पाणी हटवण्यासाठी बनलेलं आहे. नावातले डब्ल्यू आणि डी त्याचेच (वॉटर डिस्प्लेसमेंट). भिजलेल्या भागावरचं पाणी काढायला मारा, मग पुसून खरं तेल लावा. ग्रीसवर मारलंत तर ग्रीस धुऊन जाईल आणि दाते कोरडे पडतील.

प्रश्न : समुद्रावर वारा समोरून असला की प्रत्येक फेकीत गुंता. ब्रेक पूर्ण लावला की आमिष पायाशीच पडतं.

वाऱ्यात आमिष हवेत मंदावतं, स्पूल मात्र तसाच फिरत राहतो. सुटलेला जास्तीचा दोरा म्हणजे गुंता. केंद्रोत्सारी ब्रेक स्पूल सर्वांत वेगात असतो तेव्हा, म्हणजे फेकीच्या सुरुवातीला, जोरात धरतो. चुंबकीय ब्रेक शेवटपर्यंत थोडा धरून असतो. दोन्ही असतील तर समोरच्या वाऱ्यात चुंबकीय वाढवा. आमिष जड आणि आटोपशीर घ्या, फेक खालून करा, आणि आमिष पाण्याला लागायच्या आत अंगठा स्पूलवर हवा. त्याला पर्याय नाही.

प्रश्न : ड्रॅग किती ठेवावा?

दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. दोरा 10 किलोचा असेल तर अडीच ते सव्वातीन किलो, आणि अंदाजाने नाही. दोरा काठीच्या कड्यांतून काढून ताणकाट्याला बांधा आणि मोजा. मासा दोरा घेऊन पळाला की स्पूलवरचा थर कमी होतो आणि तोच ड्रॅग दोऱ्याला जास्त जड पडतो. व्यास निम्मा झाला तर ताण दुप्पट. पळत्या माशावर ड्रॅग आवळणारे दोरा तोडतात ते यामुळे.

प्रश्न : रील हातातून सुटून समुद्रात पडली. काढली, पण दुरुस्तीला द्यायला चार दिवस लागतील. तोवर वाळवून ठेवू?

वाळवू नका! आत खारं पाणी पूर्ण भरलंय, ते वाळलं की सगळे क्षार बेअरिंगमध्येच बसतील. वर बुडवू नका म्हटलं ते रोजच्या धुण्यासाठी. पाणी आत गेलंच असेल तर उलटा नियम. तुमच्याने उघडणं होत असेल तर आज रात्रीच उघडा, प्रत्येक भाग गोड्या पाण्यात धुवा, वाळवा, नवं तेल-ग्रीस लावून जोडा. होत नसेल तर दोरा काढून रील गोड्या पाण्याच्या डब्यात पूर्ण बुडवा, पहिल्या दिवशी पाणी दोन-तीनदा बदला, आणि डब्यासकट दुरुस्तीला न्या. गोड्या पाण्यात चार दिवसांत थोडा गंज येईल. तेवढी बेअरिंग बदलता येतात, फ्रेम वाचते.