कर्नल नवं, वाय-फाय गायब

प्रश्न : २०११चा लॅपटॉप आहे. उबुंटू या लिनक्स प्रणालीचं कर्नल (म्हणजे तिचा गाभा) अपग्रेड केलं आणि वाय-फाय गेलं. कार्ड बदलू का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीकडे निघाला असाल तर चप्पल काढा! कार्ड बहुधा ठणठणीत आहे. अशा जुन्या कार्डांचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बऱ्याचदा कर्नलबाहेरचा असतो. दर नव्या कर्नलसाठी डीकेएमएस नावाचं साधन तो पुन्हा बांधतं. त्याच आवृत्तीचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या कर्नलच्या फायली) नसले की काम अडतं. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपने मला यापायी एक अख्खा रविवार घालवायला लावला.

सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, ग्रबच्या (सुरुवातीला दिसणाऱ्या मेनूच्या) ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुनं कर्नल निवडा. वाय-फाय आलं की ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे पॅकेज बसवा. तरीही बांधणी फसली, तर सरळ जुन्या कर्नलवरच राहा.