वाळल्या गवतावर पोट भरेल का?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. आमची मेंढरं पावसाळ्यात माळावरची कुसळी, पवन्या आवडीने खातात. दिवाळीनंतर त्याच गवताला तोंड लावत नाहीत. वाळून पडलेलं गवत पुढच्या पावसापर्यंत कुजतही नाही. यावर संशोधन करावंसं वाटतं. घरचे म्हणतात, स्पर्धा परीक्षा दे. – एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : मेंढरं आणि मातीतले सूक्ष्मजीव, दोघंही एकाच कारणाने तोंड फिरवतात. पोटरीत येण्याआधी, म्हणजे कणीस धरण्याआधी, गवताच्या पानात नत्र (नायट्रोजन) भरपूर असतं. निसवल्यावर, म्हणजे कणीस बाहेर पडल्यावर, पानं कमी, काडी जास्त होते, लिग्निन (काडीला कडक करणारा, पचायला अवघड घटक) वाढतं. त्यात ही गवतं बहुवर्षायू. पान सुकण्याआधी त्यातलं साधारण निम्मं नत्र ती परत ओढून घेतात. जमिनीवर पडतो तो उरलेला सांगाडा. त्याचं कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर 25-30च्या वर गेलं की कुजवणारे जीव मातीतलंच नत्र वापरू लागतात. उसाचं पाचट गाडल्यावर पीक पिवळं का पडतं, ते शेतकऱ्याला विचार.

कोरड्या रानात मात्र गंमत वेगळी आहे. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात एमी ऑस्टिन आणि लुसिया विवांको यांनी पाचोळ्यावरचं ऊन अडवलं, तर कुजण्याचा वेग 60 टक्क्यांनी घटला (2006). सूक्ष्मजीवांना अडवणारं लिग्निनच ऊन शोषून तुटतं. आपल्या माळावर तर वाळवीही हात मारते. मला विचारशील तर तुझा खरा विषय इथे आहे.

आता पोटाचं. गवताच्या अभ्यासकासाठी जाहिराती क्वचितच निघतात, घरच्यांचं तेवढं खरं. झाशीची गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था (1962) आणि जोधपूरची काझरी (कोरड्या प्रदेशाच्या शेतीवर काम करणारी केंद्रीय संस्था) ही हक्काची ठिकाणं; पण वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर कृषीच्या एम.एस्सी.ला साधारणपणे प्रवेश मिळत नाही. म्हणून वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रातच एम.एस्सी. कर, मग नेट-जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती देणारी राष्ट्रीय परीक्षा. 2023पासून ही शिष्यवृत्ती महिना 37,000 रुपये आहे. गवतातलं नत्र आणि तंतू (फायबर) मोजायला, आकडेवारी हाताळायला शीक. माती-पाण्याच्या प्रयोगशाळांतही ते चालतं.

आणि घरच्यांशी भांडू नकोस. महाराष्ट्र वनसेवा आणि भारतीय वनसेवा, दोन्ही परीक्षांना वनस्पतिशास्त्राची पदवी चालते. ही तयारी एम.एस्सी.सोबत होऊ शकते.

पण आधी यंदाच एक काम कर. भाद्रपदात आणि पुन्हा मार्गशीर्षात एकाच जातीचं गवत काप, वाळव, वजन करून नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भर. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही एकदमच माळावर ठेव आणि दर महिन्याला थोड्या पिशव्या उचलून माती झाडून पुन्हा वजन कर. काही पिशव्यांवर सावली कर. नत्र मोजायला कॉलेजात केल्डालचं उपकरण नसेल तर जवळच्या कृषी महाविद्यालयात विचार, आणि जाताना प्राध्यापकांचं पत्र ने.