वाचक विचारतात : दादाभाईंचा मतदारसंघ नेमका कोणता?

प्रश्न : दादाभाई नौरोजी 1892 साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले. त्यांचं मताधिक्य काही पुस्तकांत 5, तर काहींत 3 दिलेलं असतं. खरं कोणतं? आणि इतकी कमी मतं कशी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मतदारसंघ होता सेंट्रल फिन्सबरी, लंडन. तिथले आकडे असे : दादाभाई (लिबरल) 2,961, कॅप्टन फ्रेडरिक पेंटन (कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे आपल्या जुन्या वर्तमानपत्रांतला ‘हुजूर पक्ष’) 2,956. फरक 5. तीनचा आकडा फेरमोजणीनंतरचा म्हणून दिला जातो. उमेदवारांची मतं देणार असाल तर 5 लिहा. नुसतं 3 लिहिलंत तर बेरीज-वजाबाकी जुळत नाही. पाच मतांचा फरक म्हणजे तरी किती? तीन मतदारांनी मत फिरवलं असतं तर पेंटन 2,959 आणि दादाभाई 2,958!

पेंटन काही ऐरेगैरे नव्हते. मतदारसंघातला पेंटनव्हिल हा भाग त्यांच्याच घराण्याच्या जमिनीवर वसलेला, आणि 1886 ची निवडणूक त्यांनी इथूनच जिंकलेली.

मतं कमी का, याचं उत्तर मतदारयादीत आहे. बायकांना मत नव्हतंच. पुरुषांपैकी घर चालवणाऱ्याला मत, पण 15 जुलैपर्यंतचे सलग 12 महिने ताबा हवा आणि स्थानिक कर भरलेला हवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला मत मिळे, मात्र खोलीचं भाडं, आतलं सामान वगळून, वर्षाला किमान 10 पौंडांचं पाहिजे, आणि त्यानं दरवर्षी स्वतः अर्ज करायचा. वर्षभरात गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली की नाव उडालं; फक्त औषधपाण्याच्या मदतीला 1885 पासून सूट होती. शरद ऋतूत वकील बसून यादी तपासत. तिथे दोन्ही पक्षांचे लोक एकमेकांच्या मतदारांवर हरकती घेत.

यात खरी मेख तारखांची. तपासलेली यादी पुढच्या 1 जानेवारीपासून लागू होई. म्हणजे जुलै 1892 ला मत द्यायचं, तर जुलै 1890 ते जुलै 1891 हे वर्ष भरलेलं पाहिजे. सेंट्रल फिन्सबरीचा गाभा असलेलं क्लार्कनवेल ही घड्याळजी, दागिन्यांचे कारागीर आणि छापखान्यातल्या कामगारांची वस्ती. काम हललं की खोली हलायची, आणि भाड्याच्या खोलीवरचा मतदार दुसऱ्या घरात गेला की त्याचं मत गेलं. आमच्या मते दादाभाईंच्या विजयात भाषणांइतकाच वाटा यादीच्या चिकाटीच्या कामाचा असणार. पाच मतं तिथेच कमावता किंवा गमावता येत.

मतपत्रिका 1872 पासून गुप्त होती. तिच्या मागे क्रमांक असे आणि स्थळप्रतीवर मतदाराचा यादीतला क्रमांक लिहीत, म्हणून वाद झाला तर मत शोधून काढता येई. अधिकृत शिक्का नाही, दोघांपुढे फुली, किंवा मतदार ओळखू येईल अशी खूण असली की पत्रिका बाद.

प्रश्न : लंडनला मुलीकडे जाणार आहे. फिन्सबरी पार्क स्टेशनला उतरून हा भाग बघता येईल का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : नाही, इथेच बरेच जण फसतात. फिन्सबरी पार्क तिथून चार-पाच किलोमीटर उत्तरेला आहे. फिन्सबरीच्या दाट वस्तीतल्या लोकांना मोकळी जागा हवी म्हणून 1869 मध्ये ते उद्यान खुलं झालं, पण जागा मिळाली दूर, हॉर्न्झीत. तुम्ही फॅरिंग्डन स्टेशनला उतरा. क्लार्कनवेल ग्रीन अगदी जवळ आहे. मग रोझबेरी अव्हेन्यूनं वर चढत फिन्सबरी टाउन हॉल गाठा. तिथे दादाभाईंच्या नावाची पाटी आहे. जवळच नौरोजी स्ट्रीटही आहे. परतताना एंजल स्टेशन सोयीचं. टाउन हॉलची इमारत मात्र 1895 ची, दादाभाई हरले त्या वर्षाची. 1892 च्या निवडणुकीची मानून फोटो काढू नका.

प्रश्न : लॉर्ड सॉल्सबरींचं ‘काळा माणूस’ हे वक्तव्य याच निवडणुकीतलं ना? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : नव्हे. तेव्हाचे पंतप्रधान सॉल्सबरी यांचं ते भाषण 30 नोव्हेंबर 1888 चं, एडिंबरातलं, आणि संदर्भ 1886 मधल्या दादाभाईंच्या हॉल्बर्नमधल्या पराभवाचा. इंग्रज मतदार अजून काळ्या माणसाला निवडून देणार नाहीत, असा त्याचा रोख. गोंधळ होतो कारण हॉल्बर्नही फिन्सबरीचाच तुकडा. 1832 मध्ये फिन्सबरी दोन खासदारांचा मतदारसंघ म्हणून निर्माण झाला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संस्थापक टॉमस वेकली याच जागेवरून निवडून येत. 1885 च्या फेररचनेत त्याचे हॉल्बर्न, सेंट्रल आणि ईस्ट असे तीन भाग झाले, प्रत्येकी एक खासदार. पंतप्रधानांच्या त्या टीकेनं दादाभाईंचं नाव इंग्लंडभर झालं, हे वेगळं.

सेंट्रल फिन्सबरी 1918 पर्यंत टिकला. दादाभाईंनंतर तिथून निवडून आलेले काही खासदार : 1895 मध्ये मॅसी-मेनवेअरिंग, 1906 मध्ये कामगार नेते स्टेडमन, जानेवारी 1910 पासून आर्चर-शी. पुढे एकच फिन्सबरी (1918 ते 1950), मग शोअरडिच अँड फिन्सबरी (1974 पर्यंत), आणि तेव्हापासून इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी. जुने निकाल शोधताना नुसतं ‘फिन्सबरी’ टाकलंत तर 1885 पूर्वीचा आणि 1918 नंतरचा असे दोन वेगळेच मतदारसंघ हाती येतात.

प्रश्न : दादाभाईंच्या आधी कोणी भारतीय तिथे पोचला होता का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : उभे राहिले होते : लालमोहन घोष, डेप्टफर्डमधून, 1885 मध्ये, पण ते हरले. भारतीय वंशाचं रक्त असलेला माणूस निवडूनही आला होता. सरधन्याची राज्यकर्ती बेगम समरू हिचा वारस डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र 1841 मध्ये सडबरीतून जिंकला. 1842 मध्ये लाचखोरीमुळे निवड रद्द झाली आणि 1844 मध्ये पार्लमेंटनं सडबरीचा मतदारसंघच काढून टाकला. म्हणून ‘पहिले’ लिहायचं तर दादाभाईंच्या नावापुढे ‘भारतीयांच्या वतीनं बोलणारे भारतीय’ एवढं जोडा, म्हणजे वाद उरत नाही.