दुसरा शिक्षक मागताना

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. शाळेत पाच वर्ग, 43 मुलं आणि गुरुजी एकच. गावातली पोरं सोमवारी शाळेला टाळं ठोकायचं म्हणतायत आणि तू विचारतेस, ठोकावं का?

ठोकू नका. टाळ्याचा फोटो पेपरात येतो, विस्तार अधिकारी धावत येतात, शेजारच्या शाळेतले एक शिक्षक ‘कामगिरीवर’, म्हणजे तात्पुरते, पाठवतात आणि आंदोलन जिंकलं म्हणून सगळे घरी जातात. दोन-तीन महिन्यांत ते शिक्षक मूळ शाळेत परततात, कारण तुमचं पद भरलेलं नसतंच. मधल्या काळात शेजारच्या गावची मुलं गुरुजींविना बसलेली असतात, ते कुणी बघत नाही.

आधी मागणी नीट मांड. ‘शाळेची दुरवस्था थांबवा’ या वाक्यावर कुठल्याच अधिकाऱ्याला आदेश काढता येत नाही. ‘मंजूर पदं दोन, कार्यरत एक, रिक्त पद भरावं, ते भरेपर्यंत पूर्णवेळ पर्यायी शिक्षक लेखी आदेशाने द्यावा’ यावर काढता येतो. आधार शिक्षण हक्क कायदा 2009 चा घे. पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं त्याच्या अनुसूचीतच आहे. कलम 26 म्हणतं, शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाता कामा नयेत. तुमच्याकडे ती पन्नास टक्के आहेत.

पालकांना मात्र कलमं सांगत बसू नकोस, हिशेब सांग. कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला किमान 800 तास शिकवणं मिळायला हवं. एक माणूस, पाच वर्ग: 800 भागिले पाच, म्हणजे वाट्याला 160 तास. त्यातून पोषण आहाराची नोंद, पोर्टलवरची माहिती आणि केंद्रावरच्या बैठका वजा कर. एखाद्या सकाळी वर्गात शांतपणे बसून बघ. चौथीला फळ्यावर गणित देऊन गुरुजी पहिलीकडे वळतात, ‘ग’ गिरवून घेताना फोन वाजतो, आज दुपारपर्यंत माहिती भरा म्हणून. चौथीचं गणित तपासायचं राहूनच जातं. असे पाच दिवस वहीत टिपून ठेव: तारीख, वेळ, कोणत्या वर्गाला किती मिनिटं. गुरुजींना विचारून टिप, चोरून नको. मुलांचे चेहरे दिसणारे फोटो कुठेही टाकू नकोस.

मग माहितीचा अधिकार. अर्ज गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. ‘शिक्षक का दिला नाही’ असं विचारलंस तर उत्तर येणार नाही, कारण या कायद्याखाली दस्तऐवज मिळतो, खुलासा नाही. माग काय? गेल्या तीन वर्षांच्या संच मान्यतेच्या (पटावरून शाळेला किती शिक्षकपदं मंजूर, हे ठरवणाऱ्या कागदाच्या) प्रती. कामगिरीच्या आदेशांसाठी वेगळा अर्ज कर. कधीकधी तुमच्या शाळेचा शिक्षक कागदावर तुमच्याकडे आणि प्रत्यक्षात तालुक्याच्या कचेरीत असतो. 30 दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करायचं.

संच मान्यतेबद्दल एक सावधगिरी. तिचे निकष 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने बदलले आहेत. अधिकारी तो कागद पुढे करतील तेव्हा अनुसूचीचं पान शेजारी ठेव. शासन निर्णय कायद्यापेक्षा मोठा नसतो. काही खासगी शाळांना शिक्षण हक्काच्या 25 टक्के प्रवेशांतून सूट देणारी फेब्रुवारी 2024 ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केली, ती मूळ कायद्याला धरून नव्हती म्हणूनच. आणखी एक: शाळेच्या सरकारी पोर्टलवर ज्याचं आधार कार्ड जुळत नाही ते मूल गणतीबाहेर राहू शकतं. बहुधा नावातलं एखादं अक्षर किंवा जन्मतारीख चुकलेली असते. 43 घरं फिरून आत्ताच तपासून घे.

अर्ज एकटीच्या नावाने देऊ नकोस. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, अध्यक्षही पालकच असतो. तिथे ठराव घे. मुख्याध्यापक तिथे सचिव असतात आणि जिल्हा परिषदेचे नोकरही, म्हणून ठरावात त्यांच्यावर ठपका नको. शिक्षक नेमणं त्यांच्या हातात नाही, आणि ते दुखावले तर इतिवृत्ताची वही कपाटातून बाहेर येणार नाही. सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक बैठकीतच लिहून घे. ‘नंतर लिहू’ म्हटलेले ठराव तसेच हवेत राहतात.

आता पोच. ही गोष्ट फार थोडे लोक मनावर घेतात. दोन प्रती ने. एक आवक विभागात द्यायची, दुसरीवर गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि सही घ्यायची. ‘साहेब बाहेर आहेत, ठेवून जा’ म्हणाले तरी ठेवून येऊ नकोस. आवक लिपिकाला साहेब लागत नाहीत. अगदीच नाही म्हणाले तर स्पीड पोस्टने पाठव आणि पावती त्याच प्रतीला टाच. कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाने तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो. ही मुदत मोजायची कुठून, हे पोचेवरची तारीखच सांगते. त्यानंतरची दाद राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विषय लेखी दे, नाहीतर ‘आयत्या वेळचे विषय’ येईपर्यंत लोक उठून गेलेले असतात. तुमच्या समितीत निम्म्या महिला असायलाच हव्यात, त्यांना त्या दिवशी पुढच्या रांगेत बसव आणि 160 तासांचा हिशेब त्यांच्यापैकीच एकीला मांडू दे. ठरावाचा मसुदा झाला की मला पाठव, पदांचे आकडे आणि कलमं एकदा बघून देईन.

तुझ्या कामाला मनापासून शुभेच्छा.