एका हंगामाचा संघ
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न: माझा भाचा कार्डिफला शिकतो. दिवाळीत घरी येताना त्याने तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेली रग्बीची एक जर्सी माझ्यासाठी आणली. तिच्या छातीवर ‘सेल्टिक वॉरिअर्स’ अशी शिवलेली अक्षरे असून त्यांतले शेवटचे धुऊन धुऊन निम्मे उकलले आहे. हा संघ एकच वर्ष खेळला आणि बंद झाला, असे दुकानातल्या बाईंनी त्याला सांगितले. आमच्या कट्ट्यावर यावरून बराच वाद झाला. सतत हरत असणार, म्हणूनच बंद पडला असेल, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. खरे काय ते सांगाल का?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: आपल्या कट्ट्याचा तर्क साहजिक असला, तरी चुकीचा आहे. सेल्टिक वॉरिअर्स हा संघ 2003-04 या एकाच हंगामात खेळला हे खरे. परंतु वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्या बारा संघांच्या सेल्टिक लीगमध्ये तो त्या वर्षी चौथा आला. वेल्सच्याच ज्या दोन संघांना त्याने मागे टाकले, ते दोन्ही पुढेही चालू राहिले आणि बंद पडला तो हाच. तेव्हा कारण गुणतक्त्यात सापडणार नाही. ते कागदपत्रांत शोधावे लागते.

थोडे मागे जाऊ. रग्बी युनियन या खेळात पैसे घेऊन खेळण्यास 1995 साली अधिकृत मान्यता मिळाली. वेल्समध्ये तोवर गावागावाचे क्लब होते. खाणीत किंवा कारखान्यात राबणारा माणूस शनिवारी आपल्या गावाचा अंगरखा चढवून शेजारच्या गावाशी झुंजत असे. खेळाडूंना पगार द्यायची वेळ आली, तेव्हा सुमारे तीस लाख वस्तीच्या देशाला नऊ व्यावसायिक क्लब पोसणे झेपेना. त्यातच 1999 मध्ये कार्डिफला उभारलेल्या मिलेनियम स्टेडियमच्या कर्जाचा भार वेल्श रग्बी युनियनच्या डोक्यावर होता. युनियनचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड मॉफेट यांनी क्लबांऐवजी प्रादेशिक संघांची योजना मांडली. त्यांना चारच संघ हवे होते, परंतु घासाघीस होऊन 2003 मध्ये पाच ठरले. कार्डिफ आणि लनेथली हे क्लब स्वतंत्र राहिले आणि उरलेल्यांच्या जोड्या लावण्यात आल्या. त्यांतली एक जोडी होती पाँटिप्रीद आणि ब्रिजेंड यांची. (इंग्रजी लिपीत ‘पाँटिप्रीद’च्या शेवटी दोन ‘डी’ दिसत असले, तरी वेल्श भाषेत त्यांचा उच्चार ‘द’च्या जवळ जातो. आपल्या भाच्याने आतापर्यंत कुणाकडून तरी ही दुरुस्ती ऐकली असेलच.)

इंदूरच्या वाचकाला या जोडीतली अडचण चटकन उमगेल. देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदत होती. इथे उलट दोन गावांना एका अंगरख्यात कोंबले होते. तेही कोणत्या गावांना? पाँटिप्रीद हे कोळशाच्या खोऱ्यांच्या तोंडाशी वसलेले गाव. त्याच्या सार्डिस रोड मैदानाला ‘वेदनांचे घर’ हे टोपणनाव होते आणि पाहुण्या संघांच्या बाबतीत ते बहुधा खरेही ठरत असे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत हजार गुणांचा टप्पा सर्वप्रथम ओलांडणारा नील जेन्किन्स याच भागातला. ब्रिजेंडने आदल्याच हंगामात, म्हणजे 2002-03 मध्ये, वेल्श लीग जिंकली होती, तेव्हा आपण कुणाच्या पोटात जायचे हे त्यांना पटणे अवघडच होते. एकमेकांना हरवण्यात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना ‘आता तुम्ही एका बाजूचे’ असे पत्राने कळवण्यात आले. नावही असे निवडले की त्यात ना पाँटिप्रीद होते, ना ब्रिजेंड. तडजोड म्हणून ते ठीकच होते. परंतु तडजोडीच्या नावाने आरोळी ठोकायला गळा तयार होत नाही.

तरीही मैदानावर हा संघ चांगला जमला. प्रशिक्षक लिन हॉवेल्स यांच्या हाताशी नील जेन्किन्स, गॅरेथ थॉमस, गेथिन जेन्किन्स आणि रायन जोन्स असे खेळाडू होते. जानेवारी 2004 मध्ये इंग्लंडमधील हाय विकम येथे जाऊन त्यांनी लंडन वॉस्प्सला हाइनकेन कपाच्या सामन्यात 14-9 असे हरवले. हा निकाल आपण कट्ट्यावर जरूर सांगावा, कारण याच वॉस्प्सने त्या मे महिन्यात फ्रान्सच्या तुलूझ संघाला नमवून तो युरोपीय चषक जिंकला. वॉस्प्सचे प्रशिक्षक होते वॉरन गॅटलंड, जे पुढे अनेक वर्षे वेल्सचेच प्रशिक्षक झाले.

आता मालकीकडे येऊ. कागदावर संघ दोन्ही क्लबांचा निम्मानिम्मा होता. ब्रिजेंडच्या मागे लेटन सॅम्युअल हे उद्योजक उभे होते, तर पाँटिप्रीदची तिजोरी आधीच रिकामी झाली होती. हंगाम पुरा होण्याआधीच पाँटिप्रीदचा अर्धा वाटा त्याच्या हातून निसटला आणि अखेर युनियनकडे जाऊन पोहोचला. सामने दोन्ही मैदानांवर व्हावेत अशी अपेक्षा होती, परंतु पारडे ब्रिजेंडच्या ब्रूअरी फील्डकडे झुकत गेले. पाँटिप्रीदच्या माणसाला हा संघ परका वाटू लागला तो यामुळे. पुढे सॅम्युअल यांनीही आपला वाटा युनियनला विकला. संपूर्ण मालकी अशा संस्थेकडे आली, जिला मुळात चारच संघ हवे होते आणि जिच्याकडे पैशांची चणचण होती. जून 2004 उजाडताच संघ गुंडाळला गेला. ब्रिजेंडचा परिसर नीथ आणि स्वान्सी या जोडीच्या ओस्प्रेज संघाकडे आणि पाँटिप्रीदचा कार्डिफकडे सोपवून नकाशाच्या रेषा नव्याने आखण्यात आल्या.

खेळाडूंचे मात्र वाटप झाले. गेथिन जेन्किन्स कार्डिफला गेला, रायन जोन्स आणि ब्रेंट कॉकबेन ओस्प्रेजकडे, तर गॅरेथ थॉमस फ्रान्समध्ये तुलूझला. पुढच्याच वर्षी, 2005 मध्ये, वेल्सने सहा राष्ट्रांच्या स्पर्धेतले सर्व सामने जिंकले. असा पराक्रम त्यांना 1978 नंतर प्रथमच साधला, आणि हे चौघेही त्या संघात होते. म्हणजे पीक उत्तम आले होते, शेतच विकले गेले.

प्रश्न: वरील प्रश्न आमच्या घरी चर्चेला निघाला असता आजोबा म्हणाले, “यात नवल काय? आपला होळकर संघही असाच गेला.” ही तुलना योग्य आहे का?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: अर्धी योग्य आहे, आणि जो अर्धा भाग जुळत नाही तोच अधिक विचार करण्यासारखा आहे. साम्य एवढेच की दोन्ही संघ स्वतःच्या कमाईवर उभे नव्हते. क्रिकेटच्या होळकर संघामागे इंदूरचे संस्थानिक यशवंतराव होळकर यांचा आश्रय होता, संघाचे कर्णधार कर्नल सी. के. नायडूंची ‘कर्नल’ ही पदवीही होळकरांच्या सैन्यातलीच. संस्थान विलीन झाल्यावर संघाचे नाव फार काळ टिकणे शक्य नव्हते आणि 1955-56 पासून त्याची जागा मध्य भारत संघाने घेतली.

फरक असा की होळकर संघाला नावारूपाला यायला पुरेसा अवधी मिळाला. 1944-45 ते 1954-55 या अकरा हंगामांत तो दहा वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि त्यांपैकी चार वेळा जिंकला. 1945-46 मध्ये म्हैसूरविरुद्ध इंदूरच्या मैदानावर त्याने 8 बाद 912 धावा केल्या आणि त्या एका डावात सहा जणांनी शतके ठोकली. आपले आजोबा आजही ‘आपला’ म्हणतात तो याच भांडवलावर. वॉरिअर्सला ‘आपला’ म्हणायला लोकांना एक हिवाळा मिळाला, आणि त्यातही निम्म्या लोकांना आपल्या मैदानावर फारसे सामने पाहायला मिळाले नाहीत.

गंमत म्हणजे मध्य भारत राज्याची राजधानीही हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर अशी फिरत असे. दोन मानी शहरांची समजूत काढण्याची युक्ती वेल्सच्या लोकांनी शोधून काढली, असे त्यामुळे म्हणता येणार नाही. ते राज्यही 1956 मध्ये इतिहासजमा झाले, पण त्याची कारणे वेगळी होती.

प्रश्न: चारच संघ ठेवल्याने तरी वेल्सचा प्रश्न सुटला का?
— एक वाचक, जेल रोड, इंदूर

उत्तर: नाही. उरलेल्या चार संघांपैकी कार्डिफ एप्रिल 2025 मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला आणि युनियनला तो ताब्यात घ्यावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनियनने पुरुषांचे व्यावसायिक संघ चारावरून तीनवर आणण्याचा निर्णय जाहीर केला. कोणता संघ जाणार यावरून पुन्हा तीच भांडणे आणि तीच पत्रके सुरू झाली. स्वान्सीतल्या मैदानाचे काम चालू असल्यामुळे ओस्प्रेजने 2025-26 च्या हंगामासाठी घर म्हणून निवडले ते ब्रिजेंडचे ब्रूअरी फील्ड, म्हणजे वॉरिअर्सचेच जुने मैदान. रामबागेच्या वाचकांच्या भाच्याला कार्डिफहून तिथे आगगाडीने सहज जाता येईल, आणि जाताना ती जर्सी मागवून घेऊन अंगात घातली, तर जुनी माणसे आपण होऊन त्याच्याशी बोलायला येतील.