टीएनएफ उकळलं तरी रिस्पॉन्स तसाच?

प्रश्न: मी इम्युनॉलॉजीत पीएचडी करतेय. मॅक्रोफेजवर (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) रिकॉम्बिनंट, म्हणजे जीन दुसऱ्या जिवात घालून बनवलेलं, टीएनएफ-अल्फा (सूज वाढवणारं सिग्नल प्रोटीन) टाकून त्यांनी सोडलेलं आयएल-६ (तसंच दुसरं सिग्नल प्रोटीन) मोजते. नवीन व्हायल उघडल्यापासून रीडिंग खूप वाढलंय, आणि कंट्रोल म्हणून उकळलेलं टीएनएफ टाकलं तरी जवळपास तेवढंच येतंय. प्रोटीन इतकं चिवट असतं का?

उत्तर: नाही, टीएनएफ एवढं चिवट नसतं. साधारण १७ किलोडाल्टनच्या तीन साखळ्या एकत्र आल्या तरच ते रिसेप्टरला धरतं, उकळलं की ती घडीच मोडते आणि काम संपतं. मला तरी दाट शंका एन्डोटॉक्सिनची, म्हणजे एलपीएसचीच येते. हे प्रोटीन बहुतेक वेळा ई. कोलायमध्ये बनवतात आणि त्या बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातच एलपीएस असतं, शुद्ध करताना थोडं जरी मागे राहिलं तरी मॅक्रोफेजला टीएलआर-४ या रिसेप्टरमुळे ते लगेच कळतं, मिलीलीटरला एक नॅनोग्रामसुद्धा लागत नाही. आणि उकळून ते जात नाही, ऑटोक्लेव्हलाही (दाबाखालच्या वाफेलाही) पुरून उरतं, म्हणून तर काचेची भांडी २५० अंशाला अर्धा तास भाजून घेतात. पुढे टीएनएफ आणि एलपीएस दोघांचाही रस्ता एनएफ-कप्पा-बी या पेशीतल्या स्विचवरूनच आयएल-६ कडे जातो, त्यामुळे नुसत्या रीडिंगवरून काहीच कळणार नाही.

आता पॉलीमिक्सिन-बी हे अँटिबायोटिक घालून बघा, ते एलपीएसला बांधून ठेवतं. रिस्पॉन्स धाडकन खाली आला तर चोर सापडला. पण डोस जपून, जास्त झालं तर सेल्सच मरतात. टीएनएफला निकामी करणारी (न्यूट्रलायझिंग) अँटिबॉडी एकटी वापरून मात्र निष्कर्ष काढू नका हं, कारण एलपीएस मिळालं की मॅक्रोफेज स्वतःच टीएनएफ सोडतात, मग अँटिबॉडीने आकडा थोडा उतरतोच आणि आपल्याला वाटतं की बरोबर आहे सगळं.

अजून एक, सगळा दोष व्हायलवर टाकायच्या आधी ती कशात विरघळवली ते आठवा. प्रोटीन प्लास्टिकला चिकटू नये म्हणून आपण बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घालतो ना, कित्येकदा घाण तिथूनच येते. म्हणून एलएएल टेस्ट (एन्डोटॉक्सिन मोजणारी) नुसत्या टीएनएफची नको, बीएसए, बफर, मीडियम सगळ्यांची वेगवेगळी करा, आणि नुसतं बफर टाकलेली एक वेलही (खळगा) प्रत्येक प्लेटवर ठेवा. रिपोर्ट येईपर्यंत या व्हायलचा डेटा थीसिसमध्ये घेऊ नका, गाइडना घाई असली तरी त्यांना हा उकळलेल्या कंट्रोलचा आकडा समोर ठेवून सांगा.